वेड गाईला, चूक खुराकाची

गाय चारा खाते, हे लहान पोरालाही ठाऊक. ब्रिटनमध्ये मात्र दूध वाढावे म्हणून गाईंच्या खुराकात मेलेल्या जनावरांच्या हाडा-मांसाचा भुगा मिसळत होते. स्वस्तात प्रथिने मिळतात, एवढाच हिशेब.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांना नवा आजार दिसला. गाई बिचकायच्या, लाथा झाडायच्या, मागचे पाय लटपटायचे, शेवटी उठताच यायचे नाही. मेंदूत स्पंजासारखी भोके. लोकांनी नाव दिले ‘मॅड काऊ’.

हा आजार जिवाणू-विषाणूंचा नाही. मेंदूत मुळातच एक साधे प्रथिन असते. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही वाकडे करते. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. शिजवून, उकळून ते नष्ट होत नाही. लक्षणे दिसायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर धडधाकट दिसणारी गाय कापली जाई आणि तिचाच भुगा दुसऱ्या गाईंपुढे येई. १९९२ या एकाच वर्षात ३६ हजारांवर गाई आजारी निघाल्या.

जुलै १९८८ मध्ये गाईंच्या खुराकात असा भुगा घालण्यावर बंदी आली. पुढल्या वर्षी मेंदू, मज्जारज्जू असे भाग माणसांच्या खाण्यातून वगळले. पण डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात भुगा चालूच होता आणि गिरण्यांत सगळे एकमेकांत मिसळत होते. माणसांना धोका नाही, असे सरकार सांगत राहिले. १९९० साली कृषिमंत्री जॉन गमर यांनी तर कॅमेऱ्यासमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. मंत्र्याने खाल्ले म्हणून मांस शुद्ध होते काय? २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले की, माणसांतला नवा मेंदूविकार बहुधा याच मांसातून आला आहे. त्याने तिथे १७८ जणांचा बळी घेतला. त्यांत तरुण पुष्कळ होते आणि औषध आजही नाही.

त्याच वर्षी सर्व पाळीव जनावरांच्या खाद्यातून हा भुगा बंद झाला, तीस महिन्यांवरच्या जनावरांचे मांस बाजारातून हटले आणि साथ ओसरली.

भारतात या आजाराची नोंद नाही. दुधातून तो माणसाला झाल्याचा पुरावाही नाही. आपल्याकडे लाळ गाळणारी, अंगावर धावणारी गाय-म्हैस दिसली तर आधी रेबीजचा संशय घ्या. तिच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा. जखमेला लाळ लागलीच तर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लशीसाठी जा.