शाई स्वस्त, हेड महाग!

सबमिशनचा सीझन आला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींची टंचाई सुरू होते. एक झोपेची आणि दुसरी प्रिंटरच्या शाईची. झोपेवर माझ्याकडे उपाय नाही, शाईबद्दल मात्र चार शब्द सांगता येतील. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द येणारच. मराठी विभाग बघणाऱ्या मॅडमनी ते पोटात घालावेत, ही विनंती!

लिहायला निमित्त झालं ते आमच्या मजल्यावरच्या प्रिंटरचं. चार मुलींनी कॉन्ट्री काढून एक टँकवाला प्रिंटर घेतला होता. अर्ध्या विंगचे असाइनमेंट्स, टायटल पेजेस आणि सर्टिफिकेट्स त्यावरच निघायचे. काळी शाई संपली तेव्हा त्यांच्यापैकी एकीने मार्केटमधून बाटली आणली. किंमत ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी, लेबलवर मोठ्या अक्षरात ‘युनिव्हर्सल, सर्व प्रिंटरसाठी’. पहिले दोन महिने एकदम झकास. मग ओळींमधून पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. हेड क्लिनिंग केलं की थोडं सुधारायचं, परत तेच. (प्रत्येक क्लिनिंगमध्ये प्रिंटर बरीच शाई आतल्या स्पंजमध्ये ओतून देतो, हे किती जणांना माहीत आहे?) सबमिशनला तीन दिवस उरले असताना काळा रंग पूर्ण बंद. दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं, हेड गेलं, आणि नव्या हेडचा जो आकडा सांगितला तो ऐकून चौघी गप्प झाल्या. त्यात थोडी भर घातली असती तर नवीन प्रिंटरच आला असता.

सगळी गडबड आहे ती त्या ‘युनिव्हर्सल’ शब्दात. सर्व प्रिंटरना चालेल अशी शाई असूच शकत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच सिलॅबसमध्ये आहे.

इंकजेट प्रिंटर शाई दोन प्रकारे उडवतो. पहिला प्रकार उष्णतेचा. नोझलच्या मागे एक इवलासा रेझिस्टर असतो. तो काही मायक्रोसेकंदात तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा पुढच्या थेंबाला ढकलतो. १९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, सुईतून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना सुचली असं सांगतात. (आपल्या लॅबमध्ये सोल्डरिंग आयर्न चुकून लागली की फक्त ओरडा ऐकू येतो.) दुसरा प्रकार पिझोचा, म्हणजे व्होल्टेज दिलं की वाकणारा क्रिस्टल. तो शाईला पिचकारीसारखा दाबतो. इथे उष्णता अजिबात नाही. एपसनचे प्रिंटर या पद्धतीचे.

आता बघा, पहिल्या प्रकारात शाई करपता कामा नये. करपली तर रेझिस्टरवर दुधाच्या पातेल्याच्या तळाशी बसते तशी खरपुडी बसते. याला ‘कोगेशन’ म्हणतात, आणि शब्द आलाय जपानी भाषेतल्या करपण्यावरूनच! दुसऱ्या प्रकारात करपण्याची भीती नाही, पण तिथे शाई साधारणपणे जरा दाट लागते. म्हणजे दोन्हींची व्हिस्कॉसिटी वेगळी. शिवाय सरफेस टेन्शन आहेच. साध्या पाण्याचं ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तर इंकजेट शाईचं साधारण तिशीच्या घरात ठेवावं लागतं. ते फार कमी झालं तर शाई नोझलच्या तोंडाशी पसरते, फार वाढलं तर नोझल नीट भरतच नाही. नोझलचं भोक असतं वीस-तीस मायक्रॉनचं, आपला केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. अशा भोकातून सेकंदाला हजारो थेंब जाणार, तर शाई किती बारीक गाळलेली हवी याचा अंदाज करा. स्वस्त बाटलीत पैसे वाचवायचे तर ते या गाळण्यातच वाचतात, आणि नोझलमध्ये शाई लवकर सुकू नये म्हणून घालायच्या ग्लायकॉलसारख्या द्रव्यांत. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकच्या कोरड्या हवेत प्रिंटर महिनाभर बंद राहिला की या दुसऱ्या बचतीचा हिशोब जूनमध्ये कळतो.

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असायचं. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. त्यामुळे आपले सीनियर्स सिरिंजने वाट्टेल ती शाई भरायचे आणि निभावून न्यायचे. आजच्या अनेक टँक प्रिंटरमध्ये हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं. सवय जुनी आणि मशीन नवं, असा प्रकार झालाय.

दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो, कारण त्यात नुकसान प्रिंटरचं नाही तर कागदाचं होतं. शाईत रंग दोन तऱ्हेने असतो, डाय किंवा पिगमेंट. आपल्याकडे रंगपंचमीला शनी चौकात किंवा तिवंध्यावर पेशवेकालीन रहाडी उघडतात ना, त्यात रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो डाय. आणि दारात काढलेली रांगोळी म्हणजे पिगमेंट, पावडरचे न विरघळणारे कण. फक्त शाईतले कण इतके बारीक की ते पाण्यात तरंगत राहतात आणि नंतर कागदावर बसतात. डाय कागदात मुरतो, पण पाणी पडलं की पुन्हा विरघळून पळतो. पिगमेंट तिथल्या तिथे राहतो. पूर्वीची बोरूने लिहायची शाई काजळीची, म्हणजे पिगमेंटच. म्हणून तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात.

बऱ्याच प्रिंटरमध्ये मुद्दाम काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाई डायची ठेवतात, कारण मजकूर टिकायला हवा. स्वस्त बाटलीतली काळी शाई बहुतेक वेळा डाय असते. बाटलीवर ते लिहिलेलं नसतं आणि प्रिंट बघून कळतही नाही. वर जुनी पिगमेंट टँकमध्ये शिल्लक असताना त्यावर ही ओतली आणि दोघींचं रसायन जमलं नाही, तर आतच गाळ धरू शकतो.

गेल्या जुलैत आमच्याच मजल्यावरची एक मैत्रीण स्कॉलरशिपची कागदपत्रं घेऊन एका ऑफिसच्या रांगेत उभी होती. पाऊस नाशिकचाच, आडवा येणारा. फाइलच्या कडेने पाणी आत गेलं. फोटोकॉपी शाबूत राहिल्या. अर्जाची घरून प्रिंट काढून आणलेली प्रत मात्र जांभळी झाली, नंबर वाचता येईना. खिडकीतल्या माणसाने ती घेतली नाही. त्याचंही चुकलं नाही म्हणा. पण शेवटचा दिवस होता, आणि तिच्या वर्षाच्या फीचा प्रश्न होता. चार वाजायच्या आत सायबर कॅफेतून नवी प्रिंट आणली म्हणून निभावलं.

गंमत म्हणजे आपण ज्या शहरात राहतो ते शाईच्या बाबतीत देशातलं सगळ्यात काटेकोर शहर असावं. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं नि पासपोर्ट. जीन्सच्या खिशात राहिलेली नोट बादलीतून पिळून निघते, तिची शाई हलत नाही. नोटांच्या शाईसाठी सरकारने देवासला स्वतंत्र कारखानाच ठेवलाय. अर्थात नोट छापण्याचं तंत्र पूर्ण वेगळं आहे, आपल्या प्रिंटरकडून तेवढी अपेक्षा नाही. आपला रिपोर्ट निदान व्हायव्हापर्यंत टिकला तरी पुष्कळ!

आता कोणी म्हणेल, ही कंपन्यांची जाहिरात करतेय. अजिबात नाही. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईवर वसूल करायचं हा त्यांचा जुना धंदा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी दुसऱ्यांची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली आणि ओरड झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात निकाल दिला की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंट हक्क उरत नाही. म्हणजे रिफिल करणं हा काही गुन्हा नाही. उलट टँक प्रिंटर जन्माला आला तोच ग्राहकांच्या जुगाडातून. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडत होते, ते बघून एपसनने २०१० मध्ये तिथेच टाकीवाला प्रिंटर काढला. पण एक हिशोब यानेच बदलला. टँकमध्ये ओरिजिनल शाईनेही पानाचा खर्च पैशांतच येतो. कार्ट्रिजच्या काळात स्वस्त शाईने जी मोठी बचत व्हायची ती आता उरलेली नाही, धोका मात्र तेवढाच आहे.

स्टाफरूममधल्या लेझर प्रिंटरबद्दल थोडक्यात. तिथे शाई नसते, टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत पावडर असते आणि ती साधारण दोनशे अंशाला वितळवून कागदावर चिकटवतात. चुकीच्या पावडरचा वितळणबिंदू जुळला नाही तर अक्षरं नखाने खरवडून निघतात. रिफिल करणारा आतला वेस्ट टोनर काढतो का, हे समोर उभं राहून बघावं. तो कप्पा भरला की पानावर काळे डाग येतात आणि दोष मशीनला जातो. टोनर सांडलाच तर हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती पावडर मऊ होऊन चिकटते.

रिफिल घ्यायचीच असेल तर प्रिंटरच्या मॉडेलचा नंबर लिहिलेली घ्या, काळी डाय की पिगमेंट ते दुकानदाराला विचारा, आणि एकदा एक ब्रँड घेतला की मिसळामिसळ करू नका. शाईमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा पहिलं वर्ष तरी ओरिजिनल वापरलेली बरी. आणि एक टेस्ट: प्रिंट काढा, एक दिवस सुकू द्या, ओळीवर पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभराने टिपा. दुसरी प्रिंट अर्धी झाकून आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवा. आमच्या विंगमध्ये आता नवीन बाटली आली की पहिलं पान खिडकीत लटकतं. मागच्या बाटलीची झाकलेली बाजू काळी राहिली आणि उघडी बाजू तपकिरी झाली. ती बाटली आम्ही दुकानात परत केली, आणि दुकानदाराने कुरकुरत का होईना, पैसे दिले.