लर्न्ट की लर्न्ड?

सेमिनारच्या आदल्या रात्रीची गोष्ट. माझी पोलादपूरची रूममेट भाषणाची तयारी करत होती. बोलताना ती 'आय लर्न्ड' म्हणाली आणि मी कॉन्व्हेंटच्या तोऱ्यात लगेच टोकलं, "अगं, लर्न्ट म्हण!" दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती नेमकी त्याच शब्दाला अडखळली आणि पुढचं सगळं विसरली. नंतर मी लायब्ररीत डिक्शनरी उघडली, तर तिथे दोन्ही रूपं! म्हणजे चूक तिची नव्हतीच.

तर मित्रांनो, इंग्रजीत काही क्रियापदांना भूतकाळाची दोन रूपं आहेत. लर्न्ड-लर्न्ट, बर्न्ड-बर्न्ट, स्पेल्ड-स्पेल्ट, ड्रीम्ड-ड्रेम्ट. अमेरिकेत बहुतेक 'ड'वालं रूप वापरतात, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. आपल्या शाळांचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आणि कॉम्प्युटरची पुस्तकं बरीचशी अमेरिकन, म्हणून आपला गोंधळ होतो.

मग निवडायचं कसं? पहिली गोष्ट, प्रोजेक्ट रिपोर्टच्या सुरुवातीला जे वळण धराल तेच शेवटपर्यंत ठेवा. दुसरी, विशेषण म्हणून 'बर्न्ट' जास्त रूढ आहे. सिव्हिलवाल्यांना माहीतच असेल, विटांच्या आय.एस. १०७७ या मानकाच्या नावातच 'बर्न्ट क्ले' आहे. ते नाव आहे तसंच लिहायचं. तिसरी, प्रत्येक जोडीत अशी मोकळीक नसते. पंखा टांगला तर 'हंग', माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड'. आणि 'लर्न्ड'चा उच्चार 'लर्नेड' केलात, तर अर्थ होतो विद्वान!

महाड-पोलादपूरच्या मराठी शाळांतून आलेली कितीतरी मुलं विषय पक्का असूनही ओरलला गप्प बसतात. कुणीतरी हसेल ही भीती असते. निदान जिथे दोन्ही रूपं बरोबर आहेत, तिथे तरी आपण त्यांना अडवू नये.

मराठीतही असं आहेच की. हा लेख रूममेटलाच तपासायला दिला. मी सगळीकडे 'टोकलं', 'केलं' असंच लिहिते. माझ्या मराठीला हसायची तिला चांगली संधी होती, पण ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "लेखात चालेल गं. रेक्टर मॅडमच्या अर्जात मात्र 'केले' लिही."

दुसऱ्याला टोकण्याआधी डिक्शनरी उघडावी, एवढं मी त्या दिवशी लर्न्ट. किंवा लर्न्ड. दोन्ही चालेल!