आरशातली चांदणी

आज राजाराणी नाही पोरांनो, आज हेन्रीची गोष्ट. खरीखुरी. हा हेन्री मोलेसन अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला, जन्म १९२६ चा. लहानपणापासून त्याला फेफरं यायचं आणि वयाबरोबर ते वाढतच गेलं. सत्ताविसाव्या वर्षी तर कामधंदाही झेपेना. तेव्हा १९५३ साली विल्यम स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. आपल्या दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एकेक भाग असतो. आकार थेट समुद्रघोड्याचा. डॉक्टरांनी दोन्हीकडचा तो बराचसा भाग काढून टाकला. हा भाग नेमकं काय काम करतो, हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. फेफरं खूप कमी झालं, पण हेन्रीच्या डोक्यात नवं काही टिकेना.

टिकेना म्हणजे किती? जेवून अर्धा तास झाला की काय जेवलो ते सोडाच, जेवलो हेच आठवायचं नाही. तीच ती मासिकं पुन्हा वाचायचा, दर वेळी नवी कोरी. घरच्यांनी बिऱ्हाड बदललं, तर नव्या घरी परतायचा रस्ता लक्षात राहीना.

“म्हणजे त्याला वेड लागलं का आजोबा?”

मुळीच नाही. बुद्धी शाबूत, बोलणं सभ्य, शब्दकोडी सोडवायची दांडगी हौस. लहानपणच्या गोष्टीही सांगायचा. माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला तपासायला यायच्या. वर्षानुवर्षं आल्या, आणि हेन्री दर वेळी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

एकदा बाईंनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पठ्ठ्याने पाव तास धरून ठेवला! कसा, तर म्हणे फक्त आठ लक्षात ठेवायचे. तिन्ही अंकांची बेरीज सतरा. त्यातून आठ गेले, उरले नऊ. नवाचे दोन भाग केले की पाच आणि चार. झाला आकडा. मग विषय बदलला, आणि मिनिटाभरात आकडा गेला, युक्ती गेली, कुणी काही लक्षात ठेवायला सांगितलं होतं हेही गेलं. यातून कळलं की मनात धरून ठेवणं वेगळं आणि आत साठवणं वेगळं. हेन्रीचं पहिलं ठाकठीक होतं, दुसरं गेलं होतं.

आता खरी गंमत ऐका. बाईंनी त्याच्यासमोर कागदावर छापलेली एक चांदणी ठेवली. दुहेरी रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे बघायचं नाही, आरशात बघायचं. घरी करून बघा. कोपरा आला की हात भलतीकडेच पळतो. हेन्रीचाही पळाला. दुसऱ्या दिवशी चुका कमी. तिसऱ्या दिवशी त्याने चांदणी सफाईने काढली आणि स्वतःच चकित झाला, की हे तर अवघड असेल असं वाटलं होतं! कारण अशी चांदणी आपण आधी कधी काढली आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. हात शिकला होता आणि हेन्रीला त्याचा पत्ता नव्हता. १९६२ साली मिल्नरबाईंनी हे जाहीर केलं आणि स्मृती म्हणजे एकच एक कोठार ही जुनी समजूत मोडीत निघाली. घडलेल्या प्रसंगांची नोंद करायला हिप्पोकॅम्पस लागतो. सायकल, पोहणं, तबल्यावरचा हात यांचं शिक्षण मुख्यतः मेंदूच्या दुसऱ्या भागांत होतं. आणि लहानपणच्या आठवणी हेन्रीकडे उरल्या होत्या, त्याअर्थी जुन्या आठवणी केवळ हिप्पोकॅम्पसमध्ये पडून राहत नसणार.

“मग मला माझं बारसं का आठवत नाही?” हा धाकटीचा प्रश्न. प्रश्न लाखाचा आहे.

बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपासची असते. त्याआधीचं जवळपास कोरं. पण त्याच कोऱ्या वर्षांत तू रांगायला शिकलीस, चालायला शिकलीस आणि मराठी बोलायला शिकलीस. टेबल ते आणि खुर्ची ती, हे तुला कुणी बसवून शिकवलं नाही, आणि कधी शिकलीस ते तुला सांगता येणार नाही. तान्ह्या मुलाला काहीच आठवत नाही असं मात्र नव्हे. दोन वर्षांचं पोर परवाची जत्रा बोबड्या बोलांत सांगतं. पण हिप्पोकॅम्पसची घडण अजून चालू असते, हाती भाषाही पुरती आलेली नसते, म्हणून ती नोंद मोठेपणापर्यंत पोचत नाही.

मोठ्यांचं उलट. त्यांना वाटतं, आता वय झालं, डोक्यात काही शिरायचं नाही. लंडनचे टॅक्सीवाले बघा. परवान्यासाठी त्यांना शहराच्या मधल्या भागातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधक बाईंनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे त्यांनी शिकाऊ उमेदवारच आधी आणि नंतर तपासले. जे परीक्षेत उतरले त्यांचा तो भाग वाढलेला होता, नापासांचा नव्हता. बाप्ये माणसं ही, तरी मेंदू घडत होता.

आता तुमच्या अभ्यासाकडे येतो, तोंडं वाकडी करू नका. अमेरिकेतच २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. म्हणून तो पिवळा मार्कर फिरवत तेच पान पाचव्यांदा वाचणं मला पटत नाही. आमच्या वेळी दिवेलागणीला परवचा म्हणायला लावायचे. पावकी-निमकीचा आम्हाला कंटाळा यायचा, आणि अर्थ न कळता घोकण्याचा मी आजही भक्त नाही. पण समोर पुस्तक नसायचं, अडलं तर स्वतःच आठवावं लागायचं, एवढी गोष्ट त्यात पक्की होती.

हेन्री २ डिसेंबर २००८ रोजी गेला, ८२ वर्षांचा होऊन. तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ठाऊक होता. पन्नासहून जास्त वर्षं त्याने शास्त्रज्ञांना आनंदाने तपासू दिलं. त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून अभ्यासासाठी जपून ठेवले आहेत.

आता झोपा. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेतही पुन्हा उगाळतो, तेव्हा जागरणात फायदा काही नाही. उद्या संध्याकाळी मी विचारणार आहे, हेन्रीने ५८४ कसा धरून ठेवला. कुणाला विचारायचं नाही, स्वतः आठवून सांगायचं.