आईच्या दुधात युरेनियम सापडलं, मग बाळाला पाजणं थांबवायचं का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारमधली एक बातमी मोबाइलवर झपाट्याने फिरली. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भोजपूर, समस्तीपूर, बेगुसराय, खगडिया, कटिहार आणि नालंदा या जिल्ह्यांतल्या ४० मातांचं दूध तपासलं होतं. सगळ्याच नमुन्यांत युरेनियम आढळलं. याच संशोधकांनी स्तनपान थांबवू नका असंही सांगितलं होतं, पण फॉरवर्ड होताना नेमकं हेच वाक्य गळून पडतं.

आधी आकडा पाहू. सर्वाधिक प्रमाण होतं लिटरमागे ५.२५ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आईच्या दुधातल्या युरेनियमसाठी ठरलेली मर्यादा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम आहे. ती तान्ह्या बाळासाठी जशीच्या तशी लावता येत नाही, पण आकड्याचा अंदाज येतो. सुमारे ७० टक्के बाळांना धोका संभवतो, असंही या अभ्यासात म्हटलं होतं. तो गणिती अंदाज आहे. ७० टक्के बाळं आजारी आढळली, असा त्याचा अर्थ नाही.

दूध थांबवलं तर बाळाला काय देणार? पावडरचं दूध. आणि ती पावडर कालवणार त्याच हातपंपाच्या पाण्यात! आईनं प्यायलेल्या युरेनियमचा अगदी थोडा भाग आतड्यातून रक्तात जातो, त्यातलाही बराचसा मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. दुधात उतरतं ते त्यातून उरलेलं. बाटलीत मात्र ही गाळणी नसते, पाण्यात जे असेल ते सगळं थेट बाळाच्या पोटात.

आर्सेनिकबाबत हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात विहिरींच्या पाण्यात भरपूर आर्सेनिक होतं, तरी तिथल्या मातांच्या दुधात ते फारच कमी सापडलं. केवळ अंगावर पिणारी बाळं बरीच सुरक्षित होती.

सगळ्याच पदार्थांचं असं नसतं, हेही मान्य करायला हवं. डीडीटीसारखी रसायनं चरबीत विरघळतात, वर्षानुवर्षं शरीरात साठतात आणि दुधातल्या स्निग्धांशाबरोबर बाळाकडे जातात. म्हणून तर संशोधक दूध तपासतात: सुई न टोचता मिळतं आणि शरीरात काय साठलंय ते दाखवतं.

याचं गाजलेलं उदाहरण स्वीडनचं. स्टॉकहोममध्ये १९७२ पासून मातांच्या दुधाचे नमुने जपून ठेवले होते. तपासणीत दिसलं की डीडीटीवर निर्बंध आल्यानंतर दुधातलं त्याचं प्रमाण घटत गेलं. पण फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी पेट घेऊ नये म्हणून वापरली जाणारी पीबीडीई नावाची रसायनं १९९७ पर्यंत दर पाच वर्षांनी जवळपास दुप्पट होत होती. तिथे कोणी आयांना दूध पाजू नका म्हटलं नाही. रसायनांवर बोट ठेवलं गेलं. २००४ मध्ये युरोपीय संघात त्यांतल्या दोन प्रकारांवर बंदी आली.

शिशाची गोष्ट थोडी वेगळी. ते हाडांत दडून बसतं आणि गरोदरपणात, अंगावर पाजताना हाडांतल्या कॅल्शियमबरोबर रक्तात येतं. आहारात कॅल्शियम कमी असेल तर जास्तच. म्हणून बाळंतिणीच्या ताटातल्या दूध, नाचणी, तिळाला महत्त्व आहे. शिसं असलेला सुरमा तर घरात नकोच.

युरेनियम किंवा आर्सेनिकची शंका असलेल्या भागात तपासायला हवं ते हातपंपाचं किंवा बोअरचं पाणी. ते उकळून उपयोग नाही: जंतू मरतात, धातू तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. नीट देखभाल केलेल्या आरओ यंत्रानं ते बरंच कमी होतं. नाहीतर तपासणीत सुरक्षित ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून पाणी आणावं, आधी आईसाठी.