गेम पळतो कशामुळे? जुन्या संगणकातली वेळ आणि आपली आठवण

जामखेडला येऊन संगणकाच्या जुन्या गेमवर बोलायचं, म्हणजे काहींना वाटेल हा पुण्या-मुंबईचा विषय झाला. तसं नाही. २००१ नंतर एमएस-सीआयटी तालुक्याच्या गावांत पोचली आणि एका पिढीने माऊस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच गावांतल्या क्लासमध्ये. क्लासमध्ये शिकवायचे वर्ड आणि एक्सेल, पण शेवटची दहा मिनिटं, सर बाहेर गेले की आणि वीज टिकली की, काळ्या पडद्यावर डेव्ह, पॅराट्रूपर, प्रिन्स ऑफ पर्शिया. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण हसतायत, म्हणजे पटतंय.

आता त्यातल्याच काहींना हाही अनुभव असेल. जुन्या मशीनवर बरा चालणारा गेम नव्या मशीनवर टाकला, एंटर मारलं, आणि काय झालं ते कळायच्या आत 'गेम ओव्हर'. आम्ही आज एवढंच बघणार आहोत की हे का होतं, आणि त्यात आपल्या आठवणीचं काय होतं.

एक साधं उदाहरण घेऊ. तुम्ही बैलगाडीवाल्याला सांगितलं, 'चाकाचे शंभर फेरे झाले की हाक मार.' तो बरोबर हाक मारेल, आणि तुम्हाला अंदाज येईल की साधारण एवढा वेळ लागतो. उद्या हीच सूचना मोटारसायकलवाल्याला दिली तर? तोही प्रामाणिकपणे शंभर फेरेच मोजेल, पण तुमचा चहा ओतून व्हायच्या आत हाक मारेल. सूचना चुकीची नव्हती. ती फक्त वेळेची नव्हती, फेऱ्यांची होती.

जुन्या गेममध्ये हेच व्हायचं. आयबीएमचा पहिला पीसी आला १९८१ मध्ये. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके. गेम लिहिणाऱ्याला दोन चित्रांच्या मध्ये थोडं थांबायचं असे. थांबायचं कसं? संगणकाला रिकामं मोजायला लावायचं. एकपासून दहा हजारांपर्यंत मोज, मग पुढचं चित्र काढ. ८०८८ वर मोजणीच्या एका फेऱ्याला १७ ठोके लागायचे. दहा हजार फेऱ्यांना एक लाख सत्तर हजार ठोके, म्हणजे साधारण ३६ मिलिसेकंद. ठीक.

आता तोच गेम १०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर. घड्याळ २१ पट वेगवान झालं हे तर आहेच, पण त्याच फेऱ्याला आता १७ ऐवजी पाच-सहाच ठोके पुरतात. हिशेब केला तर ती ३६ मिलिसेकंदांची विश्रांती जेमतेम ०.६ मिलिसेकंदावर येते. साठ पट! नुसते मेगाहर्ट्झ बघून हा आकडा कळत नाही, हे लक्षात ठेवा.

मग लोकांना हे माहीत नव्हतं का? होतं. म्हणून तर कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण आलं. आम्हाला हे नाव नेहमी गमतीचं वाटतं. बटण जोर वाढवण्यासाठी नव्हतंच, काम होतं ते टर्बो बंद करून मशीन हळू करण्याचं, जुने प्रोग्राम चालावेत म्हणून. शेजारी लाल-हिरव्या अक्षरांत ३३ किंवा ६६ असा आकडा दिसायचा. तो आकडा मशीन मोजत नसे, असेंबल करणारा माणूस पिना लावून ठरवायचा. विकणाऱ्याने ठेवलेला आकडा!

मागून प्रश्न आलाय, 'पण प्रिन्स तर पेंटियमवरही नीट चालायचा.' बरोबर. कारण त्याचा हिशेब फेऱ्यांवर नव्हता. पीसीमध्ये प्रोसेसरपासून वेगळी एक टायमरची चिप होती, ८२५३. ती सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिक करायची, मशीन कोणतंही असो. हा १८.२ असा विचित्र आकडा कुठून आला? पीसीतला मूळ स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या एका वारंवारतेच्या चौपट आहे, म्हणजे टीव्हीलाही जोडता येईल असा. त्याला तीनने भागलं की ४.७७, बाराने भागलं आणि पुन्हा ६५,५३६ ने भागलं की १८.२. प्रिन्समध्ये राजकन्येला सोडवायला एक तास मिळतो. तो तास घड्याळाचाच असायला हवा, नाहीतर त्या गेमला अर्थच नाही.

उलटा प्रकारही आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मारत जाल तसे उरलेले अधिक जोरात येतात. निशिकादो यांच्या मशीनला सगळे शत्रू एकदम भराभर काढता येत नव्हते. संख्या कमी झाली की काम कमी, म्हणून वेग आपोआप वाढायचा. त्यांनी तो तसाच ठेवला, आणि तीच त्या गेमची मजा ठरली. हा गेम नव्या यंत्रावर 'नीट' करायचा तर मुद्दाम तो मंदपणा पुन्हा लिहावा लागतो.

आणि एक दुर्दैवी प्रकार. टर्बो पास्कलमध्ये थांबण्यासाठी तयार सोय होती. ती सुरुवातीलाच मोजून घ्यायची की एका टिकटिकीत या मशीनचे किती फेरे होतात, आणि त्याला ५५ ने भागायची. म्हणजे विचार करून केलेलं काम. पण सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ते उत्तर ठरलेल्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' दाखवून बंद. यात फक्त गेम गेले नाहीत, लोकांचे हिशेबाचे प्रोग्रामही गेले.

कॉलेजच्या मुलांना हे जुनं वाटायला नको. आपल्याकडे कितीतरी लॅबमध्ये आजही टर्बो सी डॉसबॉक्समध्ये बसवून चालवतात. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला चेंडू उडवायचा किंवा गाडी पळवायची. ज्याने थांबण्यासाठी रिकामा फॉर-लूप लिहिला त्याची गाडी लॅबमध्ये चालते आणि घरच्या लॅपटॉपवर दिसतच नाही. ४० वर्षांपूर्वीची तीच अडचण.

हे आपल्या मातीत संगणकाच्याही आधी घडलंय. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९१३. कॅमेरा विल्यमसनचा, हाताने फिरवायचा. मूकपटांच्या काळात सेकंदाला १६ च्या आसपास चित्रं घेतली जायची, पण नक्की किती हे फिल्मवर कुठेच लिहिलेलं नसे. ते फिरवणाऱ्याच्या हातात होतं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, ध्वनी फिल्मवर बसला, आणि २४ चित्रांचा वेग पक्का झाला. मग १६ ने घेतलेलं २४ ने दाखवलं की सगळे दीडपट घाईत. जुन्या सिनेमातली माणसं तुरुतुरु चालतात असं आपण म्हणतो ना, ती तशी चालत नव्हती. वेग वस्तूत नव्हता, यंत्रात होता. गेमचंही तेच.

आता आठवणीकडे येऊ, कारण तिथे आमचा थोडा मतभेद आहे. डॉसबॉक्स हे २००२ पासूनचं एम्युलेटर, त्यात कंट्रोल-एफ११ ने वेग कमी आणि कंट्रोल-एफ१२ ने जास्त होतो. काही जण म्हणतात, ४.७७ चा वेग लावा, तोच अस्सल. पण जामखेडच्या मुलाने १९८१ चा पीसी पाहिला कुठे होता? त्याच्यापर्यंत आलं ते कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेलं सेकंडहँड ४८६ नाहीतर पेंटियम. ज्या गेमना वेगाचं भान नव्हतं ते त्याच्यासमोर पहिल्या दिवसापासून पळतच होते, आणि तो त्या वेगावर हात बसवून शिकला. त्याला 'अस्सल' वेगाने खेळायला दिलं तर तो कंटाळेल. आमच्या मते त्याची आठवण खोटी नाही. लिहिणाऱ्याचा वेग एक, खेळणाऱ्याचा वेग दुसरा, आणि जपायचे दोन्ही.

गाजलेल्या गेमची काळजी नाही. १९८३ चा 'डिगर' अँड्र्यू जेनर यांनी १९९८ मध्ये नव्या मशीनसाठी पुन्हा बांधला. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांवर गेम ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी ठेवले. काळजी आहे ती इथल्या कुणीतरी लिहिलेल्या गोष्टींची. क्लासच्या सरांनी बनवलेली मराठी प्रश्नमंजुषा, मुलाने बेसिकमध्ये लिहिलेली सापशिडी. त्याची प्रत जगात दुसरीकडे नाही, आणि फ्लॉपीवरचा चुंबकीय थर कायम टिकत नाही.

शेवटचा प्रश्न असा, की घरी अशा फ्लॉप्या आहेत, काय करावं? यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवा आणि आधी प्रत काढा, वेगाचं नंतर बघू. फक्त एक करा. ते कोणत्या मशीनवर चालवत होता, ३८६ होतं की ४८६, टर्बो चालू ठेवायचात की बंद, हे आठवत असेल तर कागदावर लिहून त्या फ्लॉपीसोबत ठेवा. ते फ्लॉपीवर कुठेच नसतं.