लखनौच्या अंगणातील पाचोळा

अंगण झाडणे हे आपल्याकडे नित्याचे काम आहे. परंतु ज्या घराभोवती चार झाडे आहेत, किंवा ज्या शाळेला, कचेरीला वा कारखान्याला मोठे आवार आहे, तेथे वर्षातून दोन वेळा रोजच्या खराट्याने न आवरणारे काम येऊन पडते. पहिली वेळ फाल्गुन-चैत्रात, पानगळीच्या सुमारास येते; दुसरी आश्विन-कार्तिकात, पावसाळा सरल्यावर. दोन्ही वेळी निघालेला पालापाचोळा कोपऱ्यात लोटून त्याला काडी लावण्याची चाल आपल्या शहरांत जुनी आहे. ती का मोडली पाहिजे आणि तिच्या जागी काय करता येते, हे समजण्यास लखनौ शहराचे उदाहरण उपयोगी पडते.

गोमतीच्या काठी, नदीने आणलेल्या गाळाच्या सपाट भूमीवर वसलेले हे शहर बागांचे म्हणून प्रसिद्ध आहे. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, सिकंदरबाग ही तेथील भागांची नावेच ती साक्ष देतात. सिकंदरबागेतील वनस्पतिउद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्याकडे घेतले आणि १९७८ पासून ते राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. याच परिषदेची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थाही लखनौत आहे. ती शहराच्या हवेची पाहणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा करून अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. अंगणाच्या साफसफाईच्या वेळाही जवळजवळ याच होत.

पाने वसंतात का गळतात?

युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत पानगळ शरद ऋतूत होते. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नाही आणि उजेडही कमी होतो, म्हणून झाडे आधीच पाने टाकून देतात. लखनौचे हवामान निराळे आहे. तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे जमीन हळूहळू कोरडी होत जाते. त्यामुळे शिसवीची पाने हिवाळ्यातच झडतात. पिंपळ व कडुनिंब यांची पानगळ त्यानंतर, साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. आंबा व जांभूळ सदाहरित असले तरी जुनी पाने तेही टाकीतच असतात. महाराष्ट्रातील वाचकांना हा क्रम परिचयाचा वाटेल.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातील पुष्कळसा नत्र व स्फुरद परत खोडात ओढून घेते. मग देठाच्या मुळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि त्या ठिकाणी पान सुटते. म्हणून गळलेल्या पानात कर्ब भरपूर व नत्र थोडा असतो. हिरव्या गवतात एक भाग नत्राला पंधरा-वीस भाग कर्ब असतो. वाळलेल्या पानात हे प्रमाण बहुधा चाळीस ते ऐंशीपर्यंत जाते. ढिगात पडलेला पाचोळा महिनोन्महिने तसाच का राहतो, याचे कारण येथे आहे. कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंना कर्ब हे इंधन म्हणून व नत्र हे शरीर घडविण्यासाठी लागते. पहिले विपुल असूनही दुसऱ्याअभावी त्यांची वाढ खुंटते.

जाळल्याने काय जाते?

पाचोळा वजनाला हलका पण आकाराने मोठा असतो. गाडी भरली तरी तीत पानांपेक्षा हवाच अधिक. सफाई कामगाराला हातगाडी मिळत नाही, मिळाली तर ती रिती करण्याची जागा दूर असते आणि आगपेटी मात्र खिशात असते. जाळण्यामागे आळसापेक्षा ही अडचण मोठी आहे.

परंतु ओलसर पाचोळा भडकत नाही, तो धुमसतो. अपुऱ्या ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड वायू, बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये आणि अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असे कण बाहेर पडतात. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे हे कण फुप्फुसांच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोहोचतात. लहान मुले, वृद्ध व दमेकरी यांना त्यांचा त्रास विशेष होतो; आणि सर्वांत जवळ उभा असतो तो जाळणारा कामगार. कार्तिकात ही हानी वाढते. रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहिल्याने वरचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर गंगेच्या मैदानावर खालीच कोंडतो.

जमिनीचेही नुकसान होते. राखेत पालाश व चुना उरतो. पण नत्र व सेंद्रिय कर्ब हवेत उडून जातात. ज्या जमिनीने पान पोसले तिला त्याचा अल्पसाच अंश परत मिळतो.

फाल्गुन-चैत्रातील काम

या हंगामात पाने गोळा करताना प्रथम प्लास्टिक, काच व तारा वेगळ्या काढाव्यात. काही पाचोळा थेट आच्छादन म्हणून वापरावा. एप्रिल-मे महिन्यांत लखनौत ‘लू’ वाहते आणि पारा चाळीस अंशांच्या वर जातो. झाडाच्या आळ्यात तीन-चार बोटे जाडीचा पाचोळा पसरल्यास ओल टिकते, मुळे तापत नाहीत व तणही कमी उगवते. मात्र खोडाला चिकटून पाचोळा ठेवू नये; तेथे साल कुजण्याचे भय असते.

उरलेला पाचोळा पायांनी तुडवून, शक्य तर बारीक करून साठवावा. तुडविल्याने आकार घटतो व पुढे कुजणेही सोपे जाते. उन्हाळ्यात उघडा ढीग सुकून निष्क्रिय होतो. म्हणून तो खड्ड्यात किंवा सावलीत, वर मातीचा पातळ थर देऊन ठेवावा. आगीच्या दृष्टीनेही हीच जागा सुरक्षित होय.

आश्विन-कार्तिकातील काम

पावसाळ्यानंतरची सफाई निराळ्या स्वरूपाची आहे. या वेळी अंगणात गवत, तण व छाटलेल्या फांद्या यांचा हिरवा कचरा माजलेला असतो. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला दाह होतो, आणि बी धरलेले तण खतात गेल्यास ते पुन्हा बागेतच उगवण्याचा संभव असतो.

याच दिवसांत डेंग्यूचा जोर असतो. तो पसरविणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी, जुना टायर, पाचोळ्याने तुंबलेली छपराची पन्हळ, एवढी जागा त्यास पुरते. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व पाणी ओतून टाकणे आवश्यक आहे. अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात; यास्तव भांडी नुसती उपडी न करता घासून ठेवावीत.

ज्यांच्या आवारात आंबा आहे त्यांना आणखी एक काम असते. लखनौजवळचा मलिहाबाद परिसर दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे ‘गुजिया’ म्हणून ओळखला जाणारा पिठ्या ढेकूण उन्हाळ्यात झाडावरून उतरून बुंध्याभोवतीच्या मातीत अंडी घालतो. डिसेंबर-जानेवारीत पिले बाहेर पडून खोडावरून वर चढतात आणि मोहोराचा रस शोषतात. नोव्हेंबरात बुंध्याभोवतीची माती खणून उलटली असता पुष्कळ अंडी उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. त्यानंतर जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर, वीतभर रुंदीची जाड प्लास्टिकची पट्टी खोडाला सुतळीने घट्ट बांधून तिच्या खालच्या कडेस ग्रीस लावावे. निसरड्या पट्टीवर पिलांना चढता येत नाही. वेळेवर केलेल्या एवढ्या कामाने औषधाची फवारणी बरीच वाचते.

दोन हंगामांचा मेळ

खत करण्याच्या दृष्टीने पाहता या दोन सफाया परस्परांस पूरक आहेत. चैत्रात कर्ब आहे, नत्र नाही. आश्विनात ओला हिरवा कचरा आहे, पण तो एकटाच रचल्यास दबून दुर्गंधी सुटते. चैत्रातील साठवलेला पाचोळा दोन-तीन टोपल्या आणि हिरवा कचरा एक टोपली असे थर दिल्यास कर्ब व नत्र यांचे प्रमाण तीसास एक याच्या आसपास येते, आणि ते कुजण्यास अनुकूल असते. मधूनमधून शेण किंवा जुने खत मिसळावे. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. चांगला रचलेला ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी मरते. म्हणून रोगट पाने ढिगाच्या मध्यभागी घालावीत.

ही विद्या आपल्या देशात नवी नाही. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ द्रव्यांपासून खत करण्याची पद्धत बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. पुढे महाराष्ट्रात पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या भिंतींचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे टाके सुचविले. ‘नाडेप’ या नावाने ते सर्वत्र ज्ञात आहे. त्यात थोड्या शेणात पुष्कळ पाचोळा सुमारे चार महिन्यांत कुजतो. मोठ्या आवाराच्या संस्थांना ते विशेष सोयीचे आहे.

संस्थांची जबाबदारी

घरच्या अंगणापेक्षा शाळा, रुग्णालये, उपाहारगृहे, रेल्वे वसाहती व कारखाने यांच्या आवारांतील पाचोळा कितीतरी अधिक असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठविण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकारास ५,००० व मोठ्या प्रमाणावर जाळण्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. परंतु केवळ दंडाने धूर थांबत नाही. कामगाराला पाचोळा टाकण्याची जागा जवळ मिळाली तरच आगपेटी खिशात राहते. प्रत्येक आवाराच्या एका कोपऱ्यात खड्डा किंवा टाके असावे आणि त्याची देखरेख एका व्यक्तीकडे सोपवावी. तसे झाल्यास चैत्रात गळलेले पान कार्तिकात खड्ड्यात पडेल आणि पुढील वसंतात त्याच झाडाच्या आळ्यात खत होऊन जाईल.