वाऱ्याच्या हाती पाच सूर

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक विंड चाइम्स नुसत्या किणकिणतात. नळ्या चकचकीत, पण कापलेल्या अंदाजाने. फेंगशुईच्या लाटेत त्या दारोदारी लटकल्या त्या भाग्य उजळावे म्हणून. कानाचा विचार फारसा कोणी केला नाही. बागेसाठी स्वरांत लावलेली चाइम हे मात्र निराळे प्रकरण आहे. ते खरेखुरे वाद्य असते. फक्त त्याचा वादक कोणाचे ऐकत नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात गॅरी क्विस्टॅड या तालवादकाने १९७९ साली अशा चाइम्स बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. बागेतल्या जुन्या खुर्चीच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या कापून त्याने पहिली चाइम केली होती, तीही प्राचीन ग्रीकांच्या एका पाच-सुरी स्वरावलीत.

हे काम वाटते तितके सोपे नाही. सतारीची तार मध्यावर दाबली की वरचा षड्ज मिळतो. नळीला हा हिशेब चालत नाही. नळी निम्मी केली, तर कंपने चौपट होतात आणि सूर थेट दोन सप्तके वर जातो. साठ सेंटिमीटरची नळी षड्ज मानली, तर त्याच जाडीच्या नळीवर पंचम सुमारे ४९ आणि तार षड्ज सुमारे ४२.४ सेंटिमीटरवर सापडतो. दोरीची जागाही ठरलेली. साठ सेंटिमीटरच्या नळीला टोकापासून साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर भोक पाडायचे, कारण तिथे नळी जवळजवळ स्थिर असते. अगदी टोकाला बांधली, तर दोरीच तिची आस गिळून टाकते.

पण खरी मेख स्वरांच्या निवडीत आहे. गवई निषादावरून षड्जावर येतो, तेव्हा तो निषाद गोड लागतो. वाऱ्याला आधी काय आणि मग काय, हे ठाऊक नाही. तो निषाद आणि षड्ज एकदमच वाजवील आणि ते एकमेकांना घासतील. म्हणून अनेक चाइम्समध्ये सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर ठेवतात. म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर! मध्यम आणि निषाद वर्ज्य केले की वारा कसाही सुटो, कानाला खटकत नाही. काय घ्यायचे यापेक्षा काय गाळायचे, यातच सारी कारागिरी.

आमच्या वसाहतीत तळमजल्याच्या बागेत एकांनी अशी चाइम लावली. येता-जाता आम्ही थांबून ऐकायचो. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र आठ-दहा दिवस गप्प होत्या. मग एकदा जिन्यात भेटल्यावर त्यांना म्हणाल्या, “सूर छान आहेत हो तुमचे. पण पुढचा कधी वाजेल ते कळत नाही ना, म्हणून मी रात्रभर वाट पाहत पडते.”

त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते सगळ्यांना लागले. बागेला कुंपण घालता येते, आवाजाला नाही. स्वर गाळून झाले; वेळ गाळायची राहिली होती.

उपाय साधा आहे. चाइमच्या तळाशी लोंबणारी पट्टी वारा झेलते आणि मधली लाकडी चकती हलवते. ती पट्टी काढून ठेवली की एरवीचा वारा मुकाट्याने निघून जातो. वादळी दिवसांत चकतीच बांधून ठेवावी. आता त्या घरी दिवेलागणीला पट्टी उतरवतात आणि सकाळी पुन्हा अडकवतात. कधी विसरले, तर आजी वरूनच हाक मारतात, “अहो, अजून लावली नाहीत का?”